विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

गेल्या पावसाळ्यात सिन्नरहून डिप्लोमाचा एक विद्यार्थी माझ्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला आला. पैसे वाचावेत म्हणून वडिलांनी विंडोज नसलेला, डॉसवाला नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. मित्राकडून पेनड्राइव्ह आणून तो घरीच विंडोज टाकायला बसला. डिस्क निवडायचं पान आलं, पण यादी कोरी. शहरातल्या एका दुकानात त्याला सांगितलं, एसएसडी गेली आहे, नवी टाकावी लागेल. "दादा, पंधरा दिवसांत डिस्क जाते का हो?" असं विचारताना त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मी लॅपटॉप सुरू करून बायोसमध्ये गेलो. डिस्क तिथं नाव-गावासकट हजर होती. अर्ध्या तासात विंडोज चढायला लागलं. एकही पार्ट बदलावा लागला नाही.

अशी माणसं मला वरचेवर भेटतात, म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे. पहिल्यांदाच विंडोज किंवा लिनक्स टाकणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवलं आहे.

सुरुवात एका प्रश्नानं: डिस्क नक्की कुणाला दिसत नाही?

मशिनच्या आत डिस्कला ओळखणारे दोघं असतात. पहिला बायोस, म्हणजे बटण दाबल्याबरोबर जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम. दुसरा तुमच्या पेनड्राइव्हवरचा सेटअप. बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर दोष वायर, स्लॉट, वीज किंवा डिस्कमध्ये आहे. बायोसला दिसते पण सेटअपला दिसत नाही, असं असेल तर डिस्क बहुतेक ठणठणीत आहे आणि अडचण ड्राइव्हरची किंवा एखाद्या सेटिंगची आहे. हा एवढा फरक न बघता लोक स्क्रूड्रायव्हर हातात घेतात किंवा थेट नवी डिस्क विकत आणतात.

बायोसमध्ये जायला मशिन सुरू करताच एक कळ टकटक दाबत राहायची. डेस्कटॉपवर बहुधा डिलीट, डेल, एसर आणि आसुसच्या लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२. आत गेल्यावर मेन, स्टोरेज किंवा इन्फर्मेशन अशा पानावर डिस्कचं मॉडेल आणि आकार लिहिलेला असतो. मोबाइलनं त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढे काही बदलावं लागलं तर मूळ सेटिंग काय होतं, ते या फोटोवरूनच कळेल. दुकानात जायची वेळ आली तरी तोच उपयोगी पडतो.

आकाराबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण यावरून फार घबराट होते. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसते, २५६ ची २३८ आणि १ टीबीची ९३१. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून हा फरक पडतो. कुणी तुमची जागा चोरलेली नाही.

बायोसला दिसते, सेटअपला दिसत नाही

सिन्नरच्या मुलाची केस हीच. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपांमध्ये सगळ्यात जास्त हेच असतं, म्हणून इथं जरा थांबून सांगतो.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून आलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू करून येते. हिचं पूर्ण नाव व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. मुळात ही सर्व्हरसाठीची गोष्ट. ती चालू असली की एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे हल्लीच्या लॅपटॉपांतली वेगवान डिस्क, थेट विंडोजसमोर येत नाही, मधल्या कंट्रोलरच्या मागे राहते. त्या कंट्रोलरशी बोलायचा ड्राइव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसला की सेटअपच्या लेखी मशिनमध्ये डिस्कच नाही. मग ड्राइव्ह सापडला नाही, ड्राइव्हर लोड करा, अशा अर्थाची ओळ पडद्यावर येते. ही ओळ अगदी खरं सांगत असते, पण लोक तिचा अर्थ 'डिस्क गेली' असा लावतात.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. मी शक्यतो पहिला घेतो.

पहिला मार्ग ड्राइव्हर देण्याचा. दुसऱ्या चालू कंप्युटरवर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर जा आणि तुमच्याच मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आयआरएसटीचा ड्राइव्हर उतरवा. मॉडेल नंबर लॅपटॉपच्या पोटाशी असलेल्या स्टिकरवर असतो. आता खरी मेख: उतरलेली फाइल बहुधा ईएक्सई असते आणि ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. सेटअपला आयएनएफ, एसवायएस आणि कॅट या प्रकारच्या सुट्या फाइल लागतात. कंपनीच्या पॅकेजमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट' असा पर्याय असेल तर तो निवडा, नाहीतर सेव्हन-झिपनं फाइल उघडून बघा. आत कुठंतरी एफ६ नं सुरू होणाऱ्या नावाचं फोल्डर सापडतं. ते फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर ठेवा. दुसरा पेनड्राइव्ह लागत नाही.

(एफ६ हे नाव एक्सपीच्या काळापासून चालत आलं आहे. तेव्हा साटा, म्हणजे केबलनं जोडायच्या साध्या डिस्कचा ड्राइव्हर द्यायला सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपी घालावी लागे. म्हणजे हा आजार जुनाच आहे, फक्त फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला.)

मग पुन्हा सेटअप सुरू करा. कोऱ्या यादीच्या पानावर 'लोड ड्राइव्हर', मग 'ब्राउझ', आणि ते फोल्डर दाखवा. यादीत व्हीएमडी कंट्रोलर असं नाव आणि शेजारी एक खूणक्रमांक येईल, अकराव्या पिढीला ९ए०बी, बाराव्या पिढीला ४६७एफ असा. दोन-तीन नावं आली तर नावात व्हीएमडी असलेलं निवडा. न जुळणारे ड्राइव्हर लपवण्याची खूण चालूच राहू द्या, म्हणजे चुकीचा निवडला जायची भीती कमी. 'नेक्स्ट' दाबल्यावर काही सेकंदांत डिस्क यादीत अवतरते. त्या मुलानं ते बघून सोडलेला सुस्कारा मला अजून आठवतो.

दुसरा मार्ग बायोसमधून व्हीएमडी बंद करण्याचा. आसुसमध्ये हा पर्याय ॲडव्हान्स्ड पानाखाली असतो. डेलमध्ये स्टोरेज किंवा साटा ऑपरेशनखाली 'रेड ऑन' असतं, तिथं एएचसीआय करायचं. एसरच्या अनेक लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबले की तो उघड होतो. हे कुठल्या पुस्तिकेत ठळक लिहिलेलं नसतं, म्हणून कित्येक लोक तिथंच अडकतात. एचपीच्या बऱ्याच घरगुती मॉडेलमध्ये हा पर्यायच नाही, तिथं ड्राइव्हरवाचून गत्यंतर नाही.

दुसऱ्या मार्गावर एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. लॅपटॉपमध्ये आधीपासून विंडोज असेल, त्यात डेटा असेल, आणि तुम्ही नुसतं 'बघू तरी' म्हणून व्हीएमडी किंवा रेड बंद केलंत, तर जुनं विंडोज निळ्या पडद्यावर कोसळतं. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहिलेलं येतं. घाबरू नका, डेटा शाबूत असतो. सेटिंग पूर्ववत करा, विंडोज परत सुरू होईल. पण डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर बायोसमधल्या अशा बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर तुमच्या फाइल तुमच्यासाठीही बंद. हल्ली अनेक लॅपटॉपांत हे कुलूप मालकाला न कळत लागलेलं असतं. म्हणून बायोसला हात लावण्याआधी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की आहे का बघा आणि कागदावर उतरवून घ्या. यात आळस करू नका, एवढी विनंती.

लिनक्स टाकणाऱ्यांना व्हीएमडीचा त्रास कमी होतो, कारण त्याचा ड्राइव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतो. तरी उबंटू या लिनक्सच्या इन्स्टॉलरनं आरएसटी (वरचीच इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) बंद करा असं सांगितलं, तर वरचाच बायोसचा मार्ग आणि वरचीच काळजी.

विंडोज ७ हवंच असेल तर

सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांतून अजून ही मागणी येते. जुनं मशिन चालवणारं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, हे त्यांचं कारण खरं असतं. पण विंडोज ७ ला एनव्हीएमई डिस्क आणि यूएसबी ३ दोन्ही मुळातून ओळखता येत नाहीत. त्यामुळे डिस्क दिसत नाहीच, शिवाय माउस-कीबोर्डही मरून पडतात. अशा कामासाठी साधी साटा एसएसडी आणि यूएसबी २ चं पोर्ट असलेलं जुनं मशिन बघा. विंडोज ७ च्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या, तेव्हा ते मशिन इंटरनेटला जोडू नका.

डिस्क दिसते, पण 'इथं टाकता येणार नाही' म्हणते

हा प्रकार वेगळा, आणि बराच सोपा. यादीत डिस्क असते, निवडली की खाली पिवळा त्रिकोण. बहुतेकदा मजकूर असतो की डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे आणि ईएफआय मशिनवर जीपीटी लागतं. म्हणजे डिस्कच्या पहिल्या पानावरची अनुक्रमणिका जुन्या, एमबीआर पद्धतीची आहे आणि मशिनला नवी, जीपीटी पद्धतीची हवी आहे.

डिस्कवर काहीही जपायचं नसेल, तरच पुढचं करा. सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबा, काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही लागते. काळी खिडकी उघडेल. तिथं इंग्रजी अक्षरांत 'डिस्कपार्ट' टाइप करून एंटर, मग 'लिस्ट डिस्क'. आता दोन मिनिटं थांबून आकार वाचा. यादीत तुमचा पेनड्राइव्हही असतो आणि दुसरी हार्ड डिस्क असेल तर तीही. हवी ती नक्की झाली की 'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा आकडा, मग 'क्लीन', मग 'कन्व्हर्ट जीपीटी'. खिडकी बंद करून यादी 'रिफ्रेश' करा.

'क्लीन' विचारत नाही. एंटर दाबला की त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन गेली, सी, डी, ई सगळी. शेजारच्या एका काकांच्या मशिनवर घाईघाईत आकडा चुकून लग्नाच्या फोटोंची डिस्क साफ झालेली मी पाहिली आहे. डेस्कटॉप असेल तर मी बाकीच्या डिस्कच्या केबल आधीच काढून ठेवतो आणि मगच हा शब्द टाइप करतो.

डेटा ठेवायचाच असेल तर जीपीटीच्या नादी लागू नका. पेनड्राइव्ह जुन्या, लेगसी पद्धतीनं सुरू करून एमबीआरवरच विंडोज १० टाकता येतं, बायोसमध्ये तशी सोय असेल तर. मात्र एमबीआर डिस्कची सुमारे २ टीबीपर्यंतचीच जागा वापरू देतं, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपांत लेगसी पद्धतच नसते. अशा वेळी आधी डेटा दुसरीकडे काढणं हाच रस्ता.

आणि नव्या कोऱ्या डिस्कपुढे 'अनॲलोकेटेड स्पेस' लिहिलेलं दिसलं तर तो दोष नव्हे. ती ओळ निवडा आणि 'नेक्स्ट' दाबा. पार्टिशन सेटअप स्वतः करतो.

पेनड्राइव्हचीच चूक

कधीकधी डिस्कची पाळी यायच्या आधीच सेटअप म्हणतो की कसला तरी मीडिया ड्राइव्हर सापडत नाही. लोक मग डिस्कचे ड्राइव्हर शोधत बसतात. बहुतेक वेळा फाइल अर्धवट उतरलेली असते किंवा पेनड्राइव्ह थकलेला असतो. आधी तो दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, शक्यतो यूएसबी २ च्या. तरी तेच आलं तर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं किंवा रूफस नावाच्या प्रोग्रॅमनं किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह नव्यानं बनवा. कुणीतरी 'सगळं घालून' दिलेली विंडोजची फाइल वापरू नका. तिच्यात काय काढलंय आणि काय घातलंय, ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

बायोसलाही दिसत नाही

आता स्क्रूड्रायव्हर काढा. त्याआधी मशिन पूर्ण बंद, वायर काढलेली, आणि बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. एवढ्यानंच कधीकधी लॅपटॉपमधली रुसलेली एसएसडी परत येते. नसेल तर उघडा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर मात्र उघडू नका, सरळ कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या.

डेस्कटॉपमध्ये साटा डिस्कला दोन वायरी असतात, सात पिनांची अरुंद डेटाची आणि पंधरा पिनांची रुंद विजेची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. मग डेटा केबल बदला, मग मदरबोर्डवरचं पोर्ट बदला, मग एसएमपीएसकडून, म्हणजे मशिनला वीज देणाऱ्या डब्याकडून येणारी विजेची दुसरी वायर लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी बायोसमध्ये बघा. तिन्ही एकदम बदलून डिस्क आली तर दोष कशात होता ते कळणारच नाही, आणि खराब केबल पुन्हा खोक्यात जाऊन पडेल. अंबडमधल्या एका वर्कशॉपचा पीसी आला होता, त्याच्या साटा पोर्टमध्ये लोखंडाचा बारीक कीस बसला होता. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ केल्यावर तीच डिस्क, तीच केबल, सगळं सुरळीत.

एम.२ एसएसडी स्लॉटमध्ये तिरकी सरकवायची, मग खाली दाबून स्क्रू लावायचा. अर्धी बसलेली एसएसडी नवशिक्याला पूर्ण बसल्यासारखी वाटते. सोनेरी पट्टी बाहेर दिसत असेल तर ती बसलेली नाही. लॅपटॉपमध्ये आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

आता खरेदीतली चूक. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटा एसएसडीही येते आणि एनव्हीएमईही, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतोच असं नाही. दोन खाचा असलेली बहुतेकदा साटा आणि एक खाच असलेली बहुतेकदा एनव्हीएमई, पण खाचांवर विसंबू नका. डिस्कवरचं लेबल आणि मदरबोर्डची माहितीपुस्तिका वाचा. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट भरला की साटाचं एखादं पोर्ट आपोआप बंद होतं. मग नवी एसएसडी दिसते आणि जुनी हार्ड डिस्क गायब, असा गोंधळ होतो. जुनी केबल शेजारच्या पोर्टात लावली की तो मिटतो.

ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप स्वस्तात घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बहुतेक मदरबोर्डना एनव्हीएमईवरून सुरू होता येत नाही. कार्ड लावून सेटअपला ती दिसेल, विंडोज टाकताही येईल असं वाटेल, पण मशिन तिच्यावरून उठणार नाही. अशा मशिनला अडीच इंची साटा एसएसडी घ्या. ती स्वस्त पडते आणि जुन्या हार्ड डिस्कच्या मानानं मशिन पळायला लागतं.

तारीख-वेळ दर वेळी मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल संपला की बायोसची सेटिंग मूळ पदावर जातात आणि काल दिसणारी डिस्क आज दिसत नाही. बायोस अपडेटनंही काही वेळा डिस्क ओळखली जाते, पण तो अगदी शेवटचा उपाय. आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि अपडेटच्या मध्यावर वीज गेली तर मदरबोर्डच हातचा जातो. डेस्कटॉपला यूपीएस आणि लॅपटॉपला भरलेली बॅटरी असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

डिस्क खरंच गेली का, हे कसं ठरवायचं

ती दुसऱ्या मशिनला लावून बघा. साटा डिस्कसाठी यूएसबी कनव्हर्टर आणि एनव्हीएमईसाठी एनक्लोजर, म्हणजे यूएसबीला जोडायची डबी मिळते, मित्राची चालते. दुसरी सोय म्हणजे उबंटूचा पेनड्राइव्ह. तो लावून 'ट्राय उबंटू' निवडा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. आत 'डिस्क्स' नावाचं ॲप आहे, त्यात डिस्क दिसली की मेन्यूतून तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे तब्येतीचा अहवाल बघा. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे खराब झालेल्या किंवा होत असलेल्या भागांचे आकडे वाढत असतील तर ती डिस्क निवृत्तीला आली आहे. आधी फाइल काढून घ्या, विंडोजचं नंतर.

हार्ड डिस्कमधून टक... टक... असा ठरावीक आवाज येत असेल तर मशिन तत्क्षणी बंद करा. आतला हेड जागा शोधत आपटत असतो आणि प्रत्येक वेळी सुरू करून बघण्यात तुमचा डेटा खरवडला जाऊ शकतो. फ्रीजमध्ये ठेवणं, ठोकणं, झाकण उघडणं, यातलं काहीही करू नका. डेटा मोलाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा, आणि काम सुरू होण्याआधी खर्च लिहून घ्या.

दुकानात जाताना

डिस्क बायोसमध्ये दिसते की नाही, पडद्यावर नेमकी कोणती ओळ आली, आणि तुम्ही आजवर काय काय बदललंत, हे तीन ओळींत लिहून न्या, सोबत तो बायोसचा फोटो. 'डिस्क दिसत नाही, बघा' असं सांगितलं की समोरचाही सोप्या वाटेनं डिस्क बदलायला सांगतो. "बायोसमध्ये दिसते, सेटअपमध्ये नाही, व्हीएमडीचा ड्राइव्हर देऊन बघाल का?" असं विचारलंत की बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं. फॉरमॅट मारायच्या आधी कोणत्या फाइल ठेवायच्या ते स्पष्ट सांगा. आणि डिस्क बदललीच, तर जुनी तिथं सोडून येऊ नका. ती चालत नसली तरी तुमचे फोटो, आधारची प्रत, बँकेचे कागद तिच्यावर आहेत. मागून घ्या, पिशवीत घालून घरी आणा.